सासूबाईंचं रिव्हॉल्व्हर

माझं लग्न ठरलं तेव्हा मैत्रिणींनी रीतसर चौकशी केली. मुलगा काय करतो, घर केवढं आहे, सासू कशी आहे. मी म्हटलं, सासू तशी बरी वाटते, फक्त तिच्याकडे रिव्हॉल्व्हर आहे. सगळ्यांचे डोळे पांढरे झाले. मग एकीनं गंभीरपणे सल्ला दिला, "हे बघ, निदान पहिलं वर्षभर तरी उलट बोलू नकोस."

मी जन्माची तोंडाळ. वर्षभर कसलं, आठवडाभरसुद्धा तोंड आवरलं नाही. सासूबाईंनी माझ्यावर ते रिव्हॉल्व्हर कधी रोखलं नाही हे खरं, पण त्यांना त्याची गरजच नव्हती. "असं का?" एवढे दोन शब्द त्या अशा काही म्हणायच्या की समोरच्याचा बार आपोआप फुसका व्हायचा.

सासरे दागिने दुरुस्त करायचे. नवे घडवणारे वेगळे, त्यांची काचेची मोठाली दुकानं असतात. आमचं दुकान गल्लीच्या तोंडाशी, इतकं चिंचोळं की आतलं गिऱ्हाईक बाहेर पडल्याशिवाय बाहेरचं आत येऊ शकत नसे. मागच्या अंगाला सासरे दिव्याखाली वाकून तुटक्या साखळ्या जोडत, अंगठीतले सैल झालेले खडे बसवत. पुढे काउंटरवर सासूबाई. कुणी दागिना आणून दिला की त्या तो आधी तळहातावर घ्यायच्या, डोळे किंचित मिटायच्या, वजन सांगायच्या आणि मग काट्यावर ठेवायच्या. काटा मुकाट्यानं त्यांच्याशी सहमत व्हायचा. नवीन गिऱ्हाइकांना ही हातचलाखी वाटायची. जुनी गिऱ्हाइकं नव्यांना मुद्दाम सोबत घेऊन यायची, गंमत बघायला.

मागच्या रस्त्यावरच्या एका दुकानात चोरी झाली आणि सासऱ्यांनी हत्यार घ्यायचं ठरवलं. ही माझ्या लग्नाच्या खूप आधीची गोष्ट, पण मी ती इतक्या वेळा ऐकली आहे की मीच तिथे उभी होते असं मला वाटतं. बंदुकांच्या दुकानदारानं पुढ्यात एक भलंथोरलं रिव्हॉल्व्हर ठेवलं. सासऱ्यांना ते आवडलं. सासूबाईंनी ते उचललं आणि परत ठेवलं. "हे उचलायला एक माणूस, झाडायला दुसरा. चोर तोवर चहा पिऊन जाईल. माझ्या मुठीत मावेल असं दाखवा." तेव्हा ते छोटं बाहेर आलं. आखूड नळी, काळी मूठ, पाच काडतुसांचं चक्र. सासऱ्यांच्या कोटाच्या खिशात ठेवलं तरी बाहेरून कळू नये एवढंसं.

छोटं आहे म्हणजे गरीब असेल, असा दोघांचा समज झाला. तो सरावाच्या पहिल्याच रविवारी दूर झाला. मोठं हत्यार आपल्या वजनानं निम्मा धक्का स्वतः पचवतं, छोटं सगळाच्या सगळा धक्का मनगटात उतरवतं. त्यात त्याचा चाप इतका जड की ओढता ओढता नळी इकडची तिकडे होते. सोमवारी सासऱ्यांना चिमट्यात खडा धरता येईना. त्यांचं पोट हातावर होतं, अक्षरशः. तेव्हा असं ठरलं की नेमबाज सासूबाई. सासऱ्यांनी फक्त हौसेपुरते बार काढायचे.

सांगायची गोष्ट म्हणजे त्या रिव्हॉल्व्हरनं आयुष्यात एकाही चोराचं तोंड पाहिलं नाही. पाहिले ते रविवार. गावाबाहेर बंद पडलेल्या वीटभट्टीच्या आवारात नेमबाजी क्लबाची जागा होती. पाठीमागे मातीचा उंच बांध, पुढे पत्र्याची शेड, शेडखाली लाकडी टेबलं. तिथले मास्तर पूर्वी लष्करी बँडात मोठा ढोल वाजवायचे. दोन्ही व्यवसायांत मिळून त्यांचे कान कामातून गेले होते, त्यामुळे तिथे सगळेच ओरडून बोलत. नवरा आम्हाला गाडीनं सोडायचा आणि स्वतः काचा वर करून, कानात कापूस कोंबून गाडीतच बसायचा. बंदुकीचं घर म्हणून अख्ख्या आळीत आमचा दरारा, आणि घरातला तरणाबांड पुरुष असा.

तिथे सासू-सासऱ्यांचा एक शिरस्ता होता. आपलं रिव्हॉल्व्हर आपण भरायचं नाही. एकानं भरायचं, दुसऱ्यानं झाडायचं. भरणाऱ्यानं पाठ फिरवून चक्राच्या पाच घरांत काही खरी काडतुसं घालायची आणि काही आधी झाडलेल्या रिकाम्या पुंगळ्या, चक्र गरकन फिरवून बंद करायचं आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवायचं, नळी बांधाकडे. झाडणाऱ्याला माहीत नाही कुठला चाप बार काढणार आणि कुठला नुसता टक् करून गप्प बसणार. मला हा पोरखेळ वाटला होता. मग मास्तरांनी ओरडून समजावलं. नेम चुकतो तो डोळ्यामुळे नाही, भीतीमुळे. बार निघणार म्हटलं की हात आधीच दचकतो आणि नळी खाली झुकते. खऱ्या बाराच्या धक्क्यात ते झुकणं लपून जातं. पुंगळीवर घोडा पडला, आवाज झाला नाही, की मात्र सगळं उघडं पडतं.

"घातली मुंडी!" सासूबाई ओरडायच्या. सासऱ्यांची नळी दर टक्-ला मुंडी खाली घालायची. ते ओशाळून हसायचे आणि म्हणायचे, "माझी नळी नम्र आहे." सासूबाईंची नळी कधी हलायची नाही. बार झाला काय आणि टक् झालं काय, त्यांचा हात भिंतीतून बाहेर आल्यासारखा.

दुपारी घरी परतल्यावर जेवणाच्या टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं. सासऱ्यांच्या फाटक्या बनियनच्या पट्ट्या, जुना दात घासायचा ब्रश, तेलाची बाटली. सासरे नळी साफ करत, सासूबाई चक्राचं एकेक घर पुसत. बोलणं फारसं नसे. असलंच तर असं: "तिसरा बार जरा डावीकडे गेला." "गेला ना." पंख्याखाली त्या तेलाचा वास घरभर फिरायचा. मी तेव्हा त्या वासावरून किती कटकट केली आहे! आता शिवणयंत्राला तेल घालताना तसा वास आला की हातातलं काम तसंच राहतं.

सासरे गेले ते दुकानातच, दिव्याखाली, बसल्या जागी. दुकान आवरलं, दिवा घरी आणला, काटा विकला. मग रिव्हॉल्व्हरचा प्रश्न आला. परवाना सासऱ्यांच्या नावावर होता. तो सासूबाईंच्या नावावर व्हायचा तर अधिकाऱ्यासमोर परीक्षा द्यावी लागणार होती. पाच बार, त्यातले चार वर्तुळाच्या आत. नाहीतर रिव्हॉल्व्हर सरकारजमा.

"जमा करून टाकू," नवरा म्हणाला. "दुकान नाही, सोनं नाही. आता काय राखायचंय आई, त्या बंदुकीनं?"

"रविवार," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे बाकीचे सहा दिवस मी काढते रे कसेतरी. रविवारी सकाळी उठून मी काय करू, ते सांग. मग जमा कर."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "तू भरायला ये. आपणच भरलं की हाताला सगळं आधीच ठाऊक असतं."

मला बाराच्या आवाजाची मनापासून भीती वाटायची. पण या बाईनं आजवर माझ्याकडे मिठाची बरणीसुद्धा मागितली नव्हती, स्वतः उठून घ्यायची. मी हो म्हटलं.

पहिल्या रविवारी त्यांनी सांगितलं, "परीक्षेत पाचही खरी असतात. पाचही खरी घाल." मी घातली. पहिला बार वर्तुळात, दुसरा कडेला, आणि पुढचे कुठे गेले ते बांधालाच ठाऊक. तिसऱ्यानंतर त्यांनी रिव्हॉल्व्हर दोन्ही हातांत घट्ट धरलं होतं, ओठ आवळले होते. शेवटचा बार झाला आणि त्यांनी ते टेबलावर ठेवलं तेव्हा बोटं सरळ होईनात. संध्याकाळपर्यंत मनगट टरारून सुजलं. मी शेक द्यायला बसले तर म्हणाल्या, "सवय गेली गं." चेहरा असा की जणू कुणी त्यांचं काही चोरून नेलंय आणि ते आत्ता लक्षात आलंय.

पुढच्या रविवारी मला ते पुन्हा बघवेना. पाठ फिरवून मी दोन खरी काडतुसं घातली आणि तीन पुंगळ्या, चक्र फिरवलं, बंद केलं, टेबलावर ठेवलं. म्हटलं, हळूहळू वाढवू. सासूबाईंनी रिव्हॉल्व्हर उचललं. नेम धरला नाही. तसंच, नळी बांधाकडे ठेवून, क्षणभर हातात धरलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"किती घातलीस?"

"पाच."

"खोटं बोलू नकोस. दोन आहेत."

मी तोंडात बोटं घालायची तेवढी बाकी ठेवली. ज्या हातानं आयुष्यभर काट्याच्या आधी साखळ्या जोखल्या, त्या हाताला गोळी असलेलं काडतूस आणि रिकामी पुंगळी यांतला फरक कळणार नाही? हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि मग दुसरी गोष्ट डोक्यात आली.

"म्हणजे बाबा भरायचे तेव्हा...?"

"कुठल्या घरात आहे ते नाही कळायचं. किती आहेत ते कळायचं." त्या बाकावर बसल्या. "माझं मनगट दुखायला लागलं ना, तेव्हापासून ते कमी करत गेले. आधी चाराची तीन, तिनाची दोन. शेवटी शेवटी तर एकच घालायचे. आणि पाठ फिरवून मुद्दाम खडखड करायचे, खूप भरतोय असं दाखवायला."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलणार? माणूस एवढ्या मायेनं फसवतोय, त्याला म्हणायचं, अहो, पकडलं तुम्हाला? मी आपली चारदा टक् टक् करायचे, एक बार काढायचे आणि म्हणायचे, आज बाई हात भरून आला. त्यांना किती बरं वाटायचं!" त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना तोवर पाहिलं नव्हतं, सासरे गेले त्या दिवशीही नाही. "पण त्या मायेनं माझा हात पार बसवला गं. पाच बार मी किती वर्षांत काढलेच नाहीत. आता अधिकारी काही पुंगळ्या घालून देणार नाही. तू तरी मला सांभाळून घेऊ नकोस."

मला सासऱ्यांचा राग आला आणि त्यांची आठवणही आली, दोन्ही एकदम. मी चक्र उघडलं, पुंगळ्या काढल्या, पाचही खरी घातली. त्यांच्यासमोरच, पाठ न फिरवता.

त्यानंतरचे महिने माझ्या संसारातले सगळ्यात मजेचे. सुनेला सासूचा छळ करायची परवानगी मिळाली होती, तीही खुद्द सासूकडून. मी रबरी चेंडू आणला. त्या टीव्ही बघत असल्या की मी स्वयंपाकघरातून ओरडायची, "आई, चेंडू!" त्या चेंडू दाबायला लागायच्या. ओले कपडे पिळायचं काम त्यांच्याकडे गेलं. रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर मी एक नाणं ठेवायची, त्यांनी भिंतीकडे नेम धरून चाप ओढायचा आणि नाणं पडू द्यायचं नाही. पडलं की मी "घातली मुंडी!" म्हणायची, अगदी त्यांच्या सुरात. नवरा म्हणायचा, "तुम्हा दोघींचं काही खरं नाही." शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि हा प्रकार बघून साखर न घेताच परत गेली. रविवारी मात्र हसणं नाही. पाच खरी. मनगट सुजलं तर सुजलं. मी शेक द्यायची, पण काडतूस कमी करायची नाही. माझ्या जिवाला ते किती लागायचं हे त्यांना कळत होतं.

परीक्षेचा अधिकारी तरुण होता, घाईत होता. म्हणाला, "आजी, या वयात कशाला हा उपद्व्याप? घरी आराम करायचा."

"आरामच करते हो, सहा दिवस," सासूबाई म्हणाल्या.

पहिला बार आत. दुसरा आत. तिसऱ्याला त्यांनी थांबून मूठ पुन्हा धरली. आत. चौथा वर्तुळाच्या रेघेला चाटून, पण आत. पाचवा बाहेर गेला तो कुणी मोजलाच नाही. माझा जीव भांड्यात पडला आणि मी सगळ्यांदेखत सासूबाईंना मिठी मारली. त्या म्हणाल्या, "अगं, हातात रिव्हॉल्व्हर आहे माझ्या, बाजूला हो." अधिकारी चार पावलं मागे सरकला होता. गाडीत बसलेल्या नवऱ्याला मी काचेवर टकटक करून सांगितलं, तर तो म्हणाला, "काय? नापास?"

असे आम्हाला पुढे कितीतरी रविवार मिळाले. परवाना त्यांच्या नावावर, भरणारी मी. मास्तर गेले, त्यांच्या जागी त्यांच्यापेक्षा जास्त ऐकू येणारा एक माणूस आला, तरी आम्ही दोघी सवयीनं ओरडतच बोलायचो. दुपारी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं जायचं. सासऱ्यांच्या बनियनच्या पट्ट्या संपल्या, मग नवऱ्याच्या बनियनांवर संक्रांत आली. नळी मी साफ करायची, चक्राची घरं त्या पुसायच्या. दुकानाच्या गोष्टी निघायच्या. कुठल्या गिऱ्हाइकाची कुठली साखळी कितीदा तुटली, सासरे कुणावर चिडले, त्या दोघांचं पहिलं भांडण कशावरून झालं. मला सासूबाई मिळाल्या त्या तिथे, त्या टेबलावर. त्याआधी मी फक्त त्यांच्या घरात राहत होते.

पण वय कुणाला सोडतं? बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले. डॉक्टर म्हणाले, आता या हातानं जड काही उचलायचं नाही. सासूबाई म्हणाल्या, "ते कुठे जड आहे?" आणि रविवारी पिशवी घेऊन तयार. मी पाठ फिरवून भरू लागले. आधी चार खरी, एक पुंगळी. त्यांनी उचललं, माझ्याकडे एक नजर टाकली आणि नेम धरला. मी वाट बघत होते की आता बोलतील. बोलल्या नाहीत. मग मी तीन घातली. मग दोन. प्रत्येक वेळी ती नजर, आणि मग बांधाकडे तोंड. घरी येताना गाडीत म्हणायच्या, "आज बाई हात भरून आला." मी खिडकीबाहेर बघायची.

त्या सकाळी त्यांना पोलक्याची बटणं लावता येत नव्हती. मी लावून दिली. आम्ही वीटभट्टीवर पोचलो. टेबलाशी मी पाठ फिरवली. खरी काडतुसं डबीतच राहू दिली. पाच पुंगळ्या घातल्या, चक्र फिरवलं, बंद केलं. रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवून मी मागे सरले आणि जमिनीकडे बघत राहिले.

त्यांनी ते उचललं. मी मान वर केली तर त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. दोन्ही हातांनी मूठ धरून नेम धरला होता, पूर्वीसारखा, खांदे सरळ, एक पाय किंचित पुढे. टक्. मग सावकाश, सगळं बळ लावून, पुन्हा टक्. असं पाचही वेळा. नळी तसूभरही हलली नाही.

मग त्यांनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, स्वतः चक्र उघडलं आणि पुंगळ्या तळहातावर पाडून घेतल्या.

"छान भरलंस हो," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत माझ्या कुठल्याही कामाला त्या बाईनं छान म्हटलं नव्हतं. त्यांनी माझा हात धरला, बोटं मिटत नव्हती तरी धरला, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "चल. उद्या जमा करून येऊ."